‘डोक्यात नाही’ असं म्हणण्याआधी

लावणी उरकली, आता बेणणीची घाई. तिकडे शाळेत पहिली चाचणी झाली आणि तपासलेले पेपर घरी यायला लागले. म्हणून आज कर्ज-हप्त्याचा विषय जरा बाजूला ठेवून मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलू या.

बचत गटाच्या बैठकीत पैसे जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की गप्पा हमखास मुलांवर येतात. गावोगावच्या बैठकांना जाताना आम्हा समन्वयक बायकांच्या कानावर तीन वाक्यं सारखी पडतात. “आमच्याचं डोकंच चालत नाही.” “गणित आमच्या घराण्यातच नाही.” आणि तिसरं, “हिला किती शिकवायचं? हिच्याच्यानं होणार आहे का?” असं बोलणारी आई वाईट नसते. दिवसभर शेतात नाहीतर एमआयडीसीत राबून आलेली असते, काळजीपोटीच बोलते. पण दाराआड बसलेलं पोर ते ऐकत असतं, आणि आईचं खरं मानतं.

आता आपल्याच चुलीपाशी जाऊ. पोरगी पहिली भाकरी थापते तेव्हा काय होतं? कुठे जाड, कुठे पातळ, कडा फाटलेल्या, भाकरी कसली, नकाशाच! तेव्हा कुणी म्हणतं का, “हिच्या डोक्यात भाकरी नाही”? नाही म्हणत. आपण सांगतो, “बाय, पीठ अजून मळ. पाणी जरा कोमट घे. हात फिरता ठेव.” चार महिन्यांनी तीच पोरगी टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून उतरवते. भाकरीच्या बाबतीत आपल्याला पक्कं माहीत आहे की चूक झाली तर कारण शोधायचं, सांगायचं आणि पुन्हा करू द्यायचं. मग भागाकार चुकला की लगेच डोक्यावर का घसरायचं? भागाकारही थापत थापतच जमतो.

आपल्या भाषेत शाळेतल्या मागे पडलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. त्यामागची गोष्ट अशी सांगतात, की सम्राट अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळपास तसाच राहिला. म्हणून जो बदलत नाही तो ‘ढ’. म्हणजे बघा, एका अक्षरात आपण मुलाला सांगून टाकतो की तू आहेस तसाच राहणार. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हणही तेच सांगते. पण पाळण्यातले पाय चालायला कुठे शिकलेले असतात? ते शिकतात अंगणात, पडून पडून.

आपल्या डोंगरातली पायवाट आठवा. वाडीवरून खालच्या रस्त्याला उतरणारी वाट कुणी बांधलेली नसते. पाय पडत गेले म्हणून ती झाली. रोज जा-ये असेल तर मळते, पावसाळाभर कुणी फिरकलं नाही तर गवताखाली जाते. मेंदूचं काम बरंचसं असंच चालतं. नवीन गोष्ट शिकताना मेंदूतल्या पेशींमध्ये जोडण्या होतात, आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की त्या जोडण्या पक्क्या होतात. पहिल्या दिवशी वाट काट्याकुट्यातून जाते, तेव्हा अवघड वाटणारच. अवघड वाटणं म्हणजे डोकं बंद असणं नव्हे, तेव्हा वाट पडत असते. हे मुलाला नेमकं याच शब्दांत सांगता येतं. आणि पोटभर झोपही लागते बरं का. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघणाऱ्या मुलाची वाट अर्धवटच राहते.

या विषयाचा अभ्यास अमेरिकेतल्या कॅरल ड्वेक नावाच्या बाईंनी अनेक वर्षं केला आहे. त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांना आधी जमतील अशी कोडी दिली. सगळ्यांना शाबासकी मिळाली, पण वेगवेगळी. काही मुलांना म्हटलं, “तू हुशार आहेस.” काहींना म्हटलं, “तू चांगली मेहनत केलीस.” फरक एवढ्या एका वाक्याचा. मग विचारलं, पुढची कोडी कसली हवीत? मेहनतीची शाबासकी मिळालेल्या बहुतेक मुलांनी अवघड कोडी मागितली. ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकी बरीच मुलं सोप्याकडे वळली. त्यानंतर सगळ्यांना मुद्दाम फार अवघड कोडी दिली, ती कुणालाच नीट जमली नाहीत. शेवटी परत पहिल्यासारखी सोपी दिली. तेव्हा मेहनतीची शाबासकी मिळालेली मुलं आधीपेक्षा चांगली सोडवू लागली, आणि ‘हुशार’ मुलं आधीपेक्षा खाली आली. इतकंच नाही, आपले गुण लिहायला सांगितले तेव्हा ‘हुशार’ मुलांपैकी पुष्कळांनी ते वाढवून लिहिले.

असं का झालं असेल? हुशारीसाठी कौतुक झालं की मूल ती हुशारी जपायला लागतं, डब्यातल्या दागिन्यासारखी. अवघड गणिताला हात लावला आणि चुकलं, तर दागिना गेला. त्यापेक्षा हात न लावलेला बरा. मेहनतीचं कौतुक झालेल्या मुलाकडे गमावण्यासारखं काही नसतं. चुकलं तर अजून एकदा करायचं.

म्हणजे ‘डोक्यात नाही’ म्हणणं जसं मुलाला बसवून ठेवतं, तसं ‘फार हुशार’ म्हणणंही त्याला घाबरवू शकतं. मग बोलायचं काय? जे डोळ्यांनी दिसलं ते बोलायचं. “तीनदा खोडलंस, चौथ्यांदा बरोबर आणलंस.” “काल धडा वाचताना पाच ठिकाणी अडखळलास, आज दोनच ठिकाणी.” “कळलं नाही म्हणून बाईंना जाऊन विचारलंस, हे चांगलं केलंस.” यासाठी आईला स्वतःला वाचता यावं लागत नाही. लक्ष असावं लागतं.

खोटं कौतुक मात्र नको. काहीही केलं की “छान, छान” म्हणत राहिलं तर मुलांना ते लगेच कळतं. आणि नुसती मेहनत पुरते असंही नाही, तिला रीत लागते. एकच उत्तर न समजता पन्नास वेळा लिहून काढणं म्हणजे कोरड्या खाचरात आवण लावणं. कंबर मोडते, रोप जगत नाही. मूल खूप बसूनही जमत नसेल तर “अजून बस” म्हणण्याऐवजी “दुसऱ्या तऱ्हेने करून बघू” म्हणायचं. चिंचोके मांडून करू, चित्र काढून करू, मोठ्या ताईला विचारू, उद्या शाळेत विचारू.

आपल्या गटाची वही तर गणिताचं पुस्तकच आहे. मुलाला जवळ बसवा आणि विचारा, गटातून ३,००० रुपये घेतले, महिन्याला शेकडा १ रुपया व्याज, तर महिन्याचं व्याज किती? पोर म्हणालं ३००, तर “चूक” म्हणून वही ओढून घेऊ नका. विचारा, “शंभराला किती? एक. मग हजारात किती शंभर? दहा. म्हणजे हजाराला किती?” बोटं मोडत मोडत ते ३० रुपयांवर येईल. ते ३० त्याचं स्वतःचं असेल. शिवाय घरात व्याज किती जातं हेही त्याला कळेल, ते वेगळंच.

आता आपल्याच मातीतली दोन माणसं सांगतो.

महाड तालुक्यात रायगडाच्या वाटेवर नाते गाव आहे. तिथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख जन्मले. वडील वकील, घरात शिक्षणाचं वातावरण. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले, संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, नंतर देशाचे अर्थमंत्री. आज आपला गट ज्या बँकेत खातं काढतो, त्या सगळ्या बँकांवर देखरेख करणारी ही रिझर्व्ह बँक.

दुसरे रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३ चा, महाडजवळच्या लाडवलीचा, आणि दासगावशी नातं. हाही मुलगा अभ्यासात पुढे, यालाही लहान वयात शिष्यवृत्ती मिळाली. पण इंग्रजी शाळेत पुढे शिकायला महाडला आला तेव्हा अस्पृश्य म्हणून त्याला प्रवेश नाकारला. त्या एवढ्याशा मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहून हे जाहीर केलं. मग प्रवेश द्यावा लागला, तरी इतर मुलांबरोबर बसू दिलं गेलं नाही. हाच मुलगा मोठा होऊन मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेची तयारी करणाऱ्या मुख्य कार्यकर्त्यांमध्ये होता. त्याच परिषदेच्या वेळी, २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले, तेव्हा त्यांनी बायकांशी वेगळं बोलून सांगितलं की मुलांसारखंच मुलींनाही शिकवा. ते बोलणं आपल्याच गावात झालं, हे आपण विसरू नये.

ही दोन माणसं शेजारी ठेवून का सांगतो? मेहनत दोघांनी केली. डोकं दोघांना होतं. पण एकाला दार उघडं मिळालं, दुसऱ्याला ते ठोठावून, भांडून उघडावं लागलं. म्हणून “मेहनत कर, सगळं होईल” एवढं सांगून आपली सुटका होत नाही. मेहनत मुलाने करायची, पण दार उघडं आहे ना, हे बघायचं काम मोठ्यांचं.

आजही दारं बंद असतात, फक्त वेगळ्या तऱ्हेने. दोन उदाहरणं बघा. मूल रोज बसतं, तरी फळ्यावरचं उतरवताना चुकतं, तर आधी डोळे तपासा. बोललेलं अर्धवट ऐकतं, तर कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मूल शेतावर नेऊ नका. काही मुलांना सगळं तोंडी येतं, पण वाचन सुटत नाही. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. तीही मुलं शिकतात, त्यांना रीत वेगळी लागते, आणि बोर्डाच्या परीक्षेत त्यांना सवलतीही असतात. शाळेत विचारा, तपासणीची मागणी करा. अशा मुलाला ‘अजून मेहनत कर’ म्हणत राहणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि जुलै २०२१ आठवा. महाडात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. तळीयेवर डोंगर आला, पोलादपुरात साखर, केवनाळे इथे दरडी कोसळल्या. माणसं गेली. त्यानंतर कितीतरी लेकरं वही समोर घेऊन नुसती बसायची. पाऊस वाजला की दचकायची. ती मुलं ‘ढ’ झाली नव्हती, घाबरली होती. मूल एकदम मागे पडलं तर आधी विचारा की त्याच्या मनावर काय आलंय.

ड्वेकबाईंच्या विचारांवर पुढे मोठ्या चाचण्याही झाल्या. २०१९ साली अमेरिकेतल्या १२ हजारांहून अधिक नववीच्या मुलांवरचा अभ्यास आला. मेंदू सरावाने वाढतो, हे तासाभराहून कमी वेळात मुलांना शिकवलं होतं. मागे पडलेल्या मुलांचे गुण त्यामुळे वाढले, पण थोडेच. आणि जिथे वर्गातल्या सोबत्यांचीही अवघड काम करायची तयारी होती, तिथे जास्त फरक पडला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शब्दांनी जादू होत नाही. शब्द म्हणजे बियाणं. खाली ओल लागते.

ती ओल गट कशी देऊ शकतो, याचं एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. आमच्या भागातल्या एका ताईची मुलगी दहावीला गणित आणि इंग्रजीत राहिली. निकालाच्या दिवशी घरात जेवण शिजलं नाही. आजी म्हणाली, “झालं एवढं पुरे, दिवाळीनंतर स्थळ बघा.” वडील मुंबईला, फोनवर गप्प. पोरगी तर बोलायचीच बंद झाली. ताईने हे बैठकीत सांगितलं तेव्हा गटातल्या बायकांनी तीन गोष्टी केल्या. आधी एकीने मुलीला विचारलं, “नापास कुठे झालीस?” “गणितात.” “सगळ्या गणितात?” तेव्हा पेपर काढून बघितला, तर भूमितीचा भाग कोरा होता, बाकी बरंच जमलेलं. म्हणजे गणित येत नाही असं नव्हतं, भूमिती राहिली होती. मग दुसरीने शाळेत जाऊन चौकशी केली. दहावीला राहिलेल्यांसाठी पुरवणी परीक्षा असते, मार्चची वाट बघावी लागत नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो, हे तिथे कळलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिसरं, कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने संध्याकाळी तासभर भूमिती घ्यायचं कबूल केलं, आणि तेवढा वेळ या मुलीला गोठ्याच्या कामातून मोकळीक मिळाली. आजीनेच ते काम अंगावर घेतलं.

पुरवणीला गणित सुटलं, ३८ गुण मिळाले. इंग्रजी परत राहिलं. घरात पुन्हा तीच चर्चा. पण या वेळी मुलगीच म्हणाली, “एक सुटलं ना? दुसरंपण सुटेल.” मार्चमध्ये सुटलं. ती आज बारावीला आहे. पहिली येणार नाही, कदाचित साधारणच गुण मिळवील. पण अठराच्या आत तिचं लग्न झालं नाही, आणि जे जमत नाही ते तुकडे करून बघायचं असतं, हे तिला कायमचं कळलं. आम्हाला यातलं मोठं वाटतं ते हेच.

ज्यांच्या मुली दोन-तीनदा प्रयत्न करून शाळा सोडून घरी बसल्यात, त्यांच्यासाठीही सांगून ठेवतो. १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसता येतं. आणि आठवीत असलेल्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, तेव्हा मुख्याध्यापकांना आत्ताच विचारून ठेवा. “आमच्याचं कुठे होणार” म्हणून फॉर्मच न भरणं, हे मुलाच्या वतीने आपणच नापास होणं आहे.

मुंबईला असलेल्या घरच्या मंडळींनाही निरोप द्या. रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, “किती मार्क पडले?” मग पोर फोन आईकडे देऊन पळतं. त्याऐवजी विचारायला सांगा, “या आठवड्यात अवघड काय होतं? मग तू काय केलंस?” मूल थांबेल, आठवेल, सांगेल. बाप लांब असला तरी अभ्यासात असेल.

आजींनाही एक काम. “शेजारचा बघ किती पुढे गेला” हे सोडून द्या. मोजायचंच असेल तर त्याला त्याच्या स्वतःच्याच मापाने मोजा. जूनमधली वही जपून ठेवा. दिवाळीला तिचं पहिलं पान आणि आजचं पान शेजारी ठेवून त्यालाच दाखवा. फरक त्याचा त्यालाच दिसेल.

आणि सगळ्यात मोठा धडा तर आपणच आहोत. किती गटांमध्ये पहिल्या बैठकीला अंगठ्यांची रांग लागायची! पन्नाशीच्या मावशी पेन धरताना घामाघूम व्हायच्या. पहिली सही वाकडी, ओळीबाहेर गेलेली. आज त्याच मावशी बँकेत स्लिप भरतात. त्यांचं डोकं बदलून कुणी नवीन बसवलं नाही. दर बैठकीला एक सही केली, थेंबे थेंबे तळे साचले. ही गोष्ट मुलांना सांगा. आई शिकताना चाचपडली आणि तरी शिकली, हे ऐकलेलं मूल चुकायला घाबरत नाही.

तर या आठवड्याच्या बैठकीसाठी एवढंच. घरी आलेला चाचणीचा पेपर घ्या, गुणांवर बोट ठेवण्याआधी मुलाजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. यातलं काय जमलं? कुठे अडलं? पुढच्या वेळी वेगळं काय करू या? उत्तर ऐका, मध्ये बोलू नका. मग बैठकीत प्रत्येकीने सांगायचं, आपल्या मुलाने काय उत्तर दिलं. ज्या मुलांची अडचण सारखी निघेल, त्यांच्यासाठी वाडीत संध्याकाळचा एक तास, एक ओटी आणि शिकलेली एक ताई मिळते का बघा. तेवढं गटाच्या हातात नक्की आहे.

पुढच्या वेळी भेटू. तोवर बेणणी सांभाळा, लेकरं सांभाळा. नमस्कार.